आडवी रेघ दिसतेय ना? मग ट्यूब गेलेली नाही

तुमच्या जुन्या आर्केड कॅबिनेटची, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या पेटीची, पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. गेमचा आवाज व्यवस्थित, नाणं टाकलं की क्रेडिट पडतंय आणि पिक्चर ट्यूबच्या पडद्यावर मधोमध एकच झगझगीत आडवी रेघ. आमचं कॅबिनेट सांगलीत वखारभागात काकांच्या हळदीच्या गोदामात उभं असायचं, तिथं हुबेहूब हेच झालं होतं.

आवाज येतोय म्हणजे फ्यूज, मुख्य सप्लाय, गेमची पीसीबी (सर्किट बोर्ड) हे सगळं सोडून द्या. रेघ उजळतेय म्हणजे ट्यूबमधला हीटर पेटतोय, ईएचटी (ट्यूबला लागणारा हजारो व्होल्टचा दाब) तयार होतंय, आडवं डिफ्लेक्शन, म्हणजे किरण डावी-उजवीकडे फिरवणं, तेही चालू आहे. मेलाय तो फक्त व्हर्टिकल सेक्शन, किरण वर-खाली फिरवणारा भाग. आधी ब्राइटनेस पार खाली आणा, नाहीतर ती रेघ पडद्याच्या आतल्या फॉस्फरवर (उजळणाऱ्या थरावर) कायमची भाजून बसेल.

एवढं साधं मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. एका दुकानात दोन मिनिटं बघून 'ट्यूब गेली, एलसीडी टाका' असं ऐकवलं, वर तपासणीचे पैसेही घेतले. अहो, ट्यूब गेली असती तर रेघ कुठून दिसली असती? पण तेव्हा एवढी अक्कल नव्हती. घरी येऊन रागारागात ट्यूबच्या मानेवरचं, पिनांत खोचलेलं छोटं बेस कार्ड उपटायला गेलो. ते सिलिकॉनने चिकटवलेलं होतं. सरळ मागे ओढायचं सोडून मी ते हलवत तिरकं ओढलं. टिक् असा बारीक आवाज आला, मग फुस्स. मानेच्या आतला चंदेरी डाग बघता बघता दुधासारखा पांढरा झाला. हवा आत शिरली, चांगली ट्यूब माझ्याच हातानं मेली.

मूळ दोष नंतर सापडला. योक म्हणजे ट्यूबच्या मानेवरची, किरण वळवणारी तारेची गुंडाळी; तिच्या कनेक्टरच्या एका पिनेभोवती केसाएवढी गोल चीर, ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला डाग. एका डागाचं काम होतं हो!

म्हणून बेस कार्डाला हातच लावू नका. चासिसची (मॉनिटरच्या मुख्य बोर्डाची) खालची बाजू टॉर्चने बघा: योकचा कनेक्टर, व्हर्टिकल सेक्शन चालवणाऱ्या आयसीचे (चिपचे) पाय. तिथं काही नसेल तर आयसीचा सप्लाय मोजा, बऱ्याच चासिसवर तो 24 व्होल्टच्या आसपास असतो. नसेल तर वाटेतला फ्युजिबल रेझिस्टर (जास्त करंट आला की फ्यूजसारखा जळणारा) उडालेला असेल. त्याच्या जागी तार जोडणाऱ्यांना मी मेकॅनिक मानत नाही. हीटसिंकला (आयसी थंड ठेवणाऱ्या धातूच्या पट्टीला) चिकटून असलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मी तर न मोजताच बदलतो, काहींना हे पटणार नाही.

मी शिकलेला इंजिनियर नाही, तुमची चासिसही पाहिलेली नाही. ॲनोडवर, म्हणजे ट्यूबच्या अंगावरच्या रबरी कपाखालच्या टोकावर, वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही राहू शकतात. हा साठलेला दाब सुरक्षितपणे उतरवता (डिस्चार्ज करता) येत नसेल तर जाणत्याला बोलवा, फक्त त्याला 'रेघ दिसतेय' हे पहिल्यांदा सांगा.

जाता जाता, कॅबिनेटच्या मागच्या झरोक्यांना बारीक जाळी लावा. ईएचटीमुळे धूळ खेचली जाते, आमच्या ॲनोड कपाभोवती हळदीचा पिवळा थर बसला होता. शिवाय उबेला पाली येतात.

मी शेवटी भंगारातल्या जुन्या टीव्हीची ट्यूब बसवली. योक आमचाच ठेवला, पण एका कोपऱ्यात रंग अजून जांभळट दिसतो. तुमच्या योक कनेक्टरचा खालच्या बाजूने जवळून फोटो टाका, बघू.