माणसांचं ऐकायला आवडतं, म्हणून मानसशास्त्र घ्यावं का?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत: मित्रमैत्रिणी मन मोकळं करायला तुमच्याकडे येतात, गणित नकोसं वाटतं आणि पदवी मिळाली की लगेच समुपदेशक व्हायचंय. पहिली गोष्ट चांगलीच आहे. घोडं अडेल ते दुसऱ्या आणि तिसऱ्या ठिकाणी.

आधी गणित. पदवीच्या मानसशास्त्रात माणसांचं ऐकणं कमी आणि मोजणं जास्त असतं. प्रात्यक्षिकात हमखास येणारा स्ट्रूपचा प्रयोग (1935) घ्या. 'लाल' हा शब्द निळ्या रंगात छापलेला असतो आणि समोरच्याने शब्द न वाचता रंग सांगायचा असतो. शब्द आणि रंग जुळत असले की वेळ कमी लागतो, जुळत नसले की जास्त. इथवर मजा वाटते. पण सगळ्यांना जुळणारी यादी आधी दिलीत तर दुसऱ्या यादीला लागलेला जादा वेळ रंगामुळे की कंटाळ्यामुळे, हे सांगता येत नाही. म्हणून निम्म्यांना एक यादी आधी, निम्म्यांना दुसरी. मग प्रत्येकाच्या दोन वेळांमधला फरक, त्यांची सरासरी, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत ते), टी-चाचणी (दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, हे तपासायची रीत) आणि अहवाल. विद्यार्थ्यांचे गुण जातात ते बहुतेक याच टप्प्यावर.

हे नुसतं परीक्षेपुरतं नाही. 0.05 ही सार्थकतेची पातळी धरून (म्हणजे खरा फरक नसतानाही तो आहे असं दिसायची 5 टक्के शक्यता चालवून घेऊन) वीस वेगवेगळ्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या तुलना केल्या आणि खरा फरक कुठेच नसला, तरी किमान एक 'निष्कर्ष' हाती लागायची शक्यता सुमारे 64 टक्के असते. 2015 मध्ये मानसशास्त्रातल्या 100 अभ्यासांची फेरतपासणी, म्हणजे तेच अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचे निकाल, प्रसिद्ध झाली. मूळच्या 97 टक्के अभ्यासांत निष्कर्ष सार्थ होते, फेरतपासणीत जेमतेम 36 टक्के. उद्या कुणाला एखादी उपचारपद्धत सुचवताना तिच्यामागचा पुरावा कितपत पक्का आहे, हे तुम्हाला जोखता आलंच पाहिजे. लागणारं गणित मात्र शाळेतल्या बीजगणितापलीकडे फारसं जात नाही. आकडेमोड संगणक करतो. कोणती चाचणी का लावायची, ते तुम्हाला कळायला हवं.

आता नोकरीचं. नुसत्या पदवीवर उपचार करता येतील असं समजू नका. बहुतेक देशांत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ (मानसिक आजारांचं निदान आणि औषधांविना उपचार करणारे) व्हायला पुढचं शिक्षण, देखरेखीखालचा सराव आणि परवाना किंवा नोंदणी लागते. समुपदेशनाचे नियम देशागणिक वेगळे, काही ठिकाणी बरेच ढिले. (नियम ढिले आहेत म्हणून प्रशिक्षण टाळणं मात्र समोरच्याच्या जिवाशी खेळ आहे.) औषधं लिहून देणारे मनोविकारतज्ज्ञ वैद्यकीय पदवी घेऊन आलेले असतात, तो रस्ताच वेगळा. नुसत्या पदवीवर मनुष्यबळ विभाग, बाजार संशोधन, संशोधन सहायक अशी कामं मिळू शकतात, आणि तिथेही सर्वेक्षणाची प्रश्नावली नीट रचता येणं उपयोगी पडतं.

मुलं फसतात ती शेवटच्या वर्षी. पुढच्या प्रवेशाला अनेक ठिकाणी संख्याशास्त्राचे गुण, संशोधनाचा अनुभव आणि शिक्षकांची शिफारसपत्रं पाहतात; ऐनवेळी यातलं काहीच जमवता येत नाही. दुसऱ्या वर्षापासून एखाद्या प्राध्यापकांच्या प्रकल्पात शिरा, मग काम नुसतं प्रश्नावल्यांची माहिती संगणकात भरायचं का असेना. आणि स्वतःचा गुंता सोडवायला हा विषय घेत असाल, तर त्यासाठी थेट उपचारतज्ज्ञाकडे जा. अभ्यासक्रम ते काम करत नाही.

अर्ज भरण्याआधी एक करून पाहा. मानसशास्त्राचा एखादा शोधनिबंध काढा आणि निष्कर्ष झाकून फक्त 'पद्धत' हा भाग वाचा. माणसं किती होती, कशी निवडली, तुलना कुणाशी केली? 'तुलनेला दुसरा गट का नाही घेतला?' असे प्रश्न आपसूक सुचायला लागले, तर विषय खुशाल घ्या. दोन-तीन निबंधांनंतरही हा भाग गाळून शेवटाकडेच पळावंसं वाटलं, तर समाजकार्याचा अभ्यासक्रमही पाहून ठेवा. संख्याशास्त्र तिथेही थोडं भेटेल, पण माणसांसोबतचं प्रत्यक्ष काम बरंच लवकर सुरू होतं.