थारचा क्लच जळला आहे आणि गिअरबॉक्सही आवाज करतो आहे: बॉक्स दुरुस्त करावा की बदलावा?

तुम्ही लिहिले आहे की, तुमची २०१५ ची थार सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिनची) बामणोलीच्या बाजूला चिखलात रुतलेली एक पिकअप ओढून काढत असताना क्लचचा धूर निघाला, तशाच अवस्थेत ती साताऱ्यापर्यंत आणली, आणि आता गिअर पडताना करकर होते, तिसरा गिअर आपोआप सुटतो व गाडी उभी असतानाही घरघर ऐकू येते. गॅरेजने बॉक्स न खोलताच ‘पूर्ण बॉक्स बदला’ असे सांगितले आहे आणि ते मानावे का, असा तुमचा प्रश्न आहे. माझे स्पष्ट मत असे की, बॉक्स खोलून पाहिल्याशिवाय हा निर्णय कोणीही घेऊ नये. क्लच बदलण्यासाठी गिअरबॉक्स तसाही खाली उतरवावा लागणारच आहे. उतरवण्याची मजुरी एकदा दिल्यावर तो खोलून आतली अवस्था स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचा जादा खर्च तुलनेने फारच थोडा असतो.

उतरवण्यापूर्वी मात्र काही चाचण्या करून घ्या, कारण बॉक्स एकदा टेबलावर आला की आवाज कुठून येत होता हे ऐकता येत नाही. इंजिन चालू ठेवून गाडी न्यूट्रलमध्ये असू द्या आणि क्लचचे पेडल पूर्ण सोडा. या स्थितीत घरघर येत असेल आणि पेडल दाबल्यावर ती थांबत असेल, तर दोष बहुधा इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून ताकद बॉक्समध्ये आणणारा दांडा) किंवा काउंटर शाफ्टच्या (त्याला समांतर फिरणारा दांडा) बेअरिंगमध्ये आहे. उलट पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे) पाहावे. गाडी थोडी तरी चालत असेल, तर चौथ्या गिअरमध्ये आवाज कमी होतो का, तेही ऐका. अशा, गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या पाच गिअरच्या बॉक्समध्ये चौथा गिअर बहुधा थेट असतो, म्हणजे ताकद काउंटर शाफ्टवरून न जाता सरळ पुढे जाते. त्यामुळे इतर गिअरमध्ये आवाज आणि चौथ्यात शांतता असेल, तर काउंटर शाफ्टवर संशय घ्यायला जागा आहे. तिसरा गिअर सुटण्याच्या बाबतीत इंजिन व बॉक्सच्या माउंटिंगची रबरेही तपासून घ्या. ती फाटली असतील, तर आतले सगळे ठीक असूनही गिअर सुटू शकतो.

यानंतर तेल काढावे, आणि ते तुमच्यासमोर, स्वच्छ पांढऱ्या ट्रेमध्ये काढावे, असा आग्रह धरा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक राखाडी लेप असेल तर काळजीचे कारण नाही, तो प्रत्येक बॉक्समध्ये असतो. बोटांना टोचणारे चकचकीत पोलादी कण सापडले, तर कुठल्या तरी दात्याचा किंवा बेअरिंगचा तुकडा उडाला आहे. तेल बोटांमध्ये चोळून उन्हात धरल्यावर सोनेरी झाक दिसली, तर ती पितळी सिंक्रो रिंगची (गिअर जुळण्याआधी वेग सारखा करणारे कडे) झीज असते. तेल दुधाळ निघाले तर आत पाणी गेले आहे. आपल्याकडे पावसाळ्यात ओढे ओलांडताना हे फार वेळा घडते: तापलेला बॉक्स गार पाण्यात बुडतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (बॉक्समधली हवा खेळती ठेवणारे तोंड) किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. म्हणून दुरुस्तीच्या वेळी ब्रीदरची नळी बॉनेटखाली उंच नेऊन बांधावी. खर्च अगदी किरकोळ आहे, तरी बहुतेक गॅरेज ही गोष्ट सुचवत नाहीत, याचे मला वाईट वाटते.

आता क्लच. धूर निघण्याइतका तापलेला क्लच केवळ प्लेट बदलून दुरुस्त होत नाही. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे तिन्ही एकत्रच बदलावेत आणि सोबत पायलट बेअरिंगही (इनपुट शाफ्टचे पुढचे टोक पेलणारे) नवे घालावे. फ्लायव्हीलच्या (इंजिनचे जड चाक, ज्यावर क्लच बसतो) तोंडावर निळे डाग असतील, तर ते लेथवर किंवा ग्राइंडरवर घासून घ्यावे लागेल. केसासारखे तडे खोल गेलेले असतील, तर घासण्याच्या भानगडीत न पडता फ्लायव्हील बदलावे. साताऱ्याच्या एमआयडीसीत किंवा सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात हे काम नीट करणारे मशीन शॉप मिळतात, परंतु किती घासायचे याची मर्यादा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून त्यांना लिहून द्या, अंदाजावर सोडू नका. क्रँकच्या मागचे ऑइल सील आणि बॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सील याच वेळी बदलून घ्या. माझ्या गाडीत एका गॅरेजने नवा क्लच बसवला, पण जुने सील तसेच ठेवले; पुढच्याच पावसाळ्यात प्लेटवर तेल आले आणि बॉक्स पुन्हा उतरवावा लागला. सीलच्या किमतीच्या कित्येक पट पैसे त्या दुसऱ्या मजुरीत गेले.

गिअर पडताना होणारी करकर आणि जळलेला क्लच यांचा संबंध समजून घेण्यासारखा आहे. तापून वाकलेली प्लेट पेडल दाबल्यावरही पूर्ण सुटत नाही, इनपुट शाफ्ट फिरतच राहतो, आणि तशात जोर लावून गिअर टाकला की त्याचा मार सिंक्रो रिंग आणि गिअरच्या बाजूच्या लहान दात्यांवर बसतो. तुम्ही बामणोलीपासून घाटातून गाडी खाली आणलीत, तेव्हा तिसऱ्या गिअरचे नुकसान बहुधा असेच वाढले असावे. बॉक्स खोलल्यावर तिसऱ्या गिअरचे हे लहान दाते भिंगातून पाहा: त्यांची टोके टोकदार असायला हवीत. ती गोलसर झाली असतील आणि दात्यांच्या बाजूंना उतार आला असेल, तर नुसती रिंग बदलून गिअर सुटायचा थांबणार नाही. गिअर आणि त्यावर सरकणारी स्लीव्ह, हब व रिंगसह नवी घालावी लागेल. रिंग चांगली दिसत असली तरी ती गिअरच्या शंकूसारख्या भागावर हाताने दाबून फिलर गेजने (पातळ पट्ट्यांचे मापक) दोघांमधली फट मोजा. रिंग झिजत जाते तशी ही फट कमी होत जाते, आणि ती मॅन्युअलमधल्या मर्यादेखाली असेल तर रिंग टाकून द्या. शिफ्टिंग फोर्कची टोके, गिअर जागेवर धरून ठेवणारी गोळी आणि तिची स्प्रिंगही त्याच वेळी तपासा. एखाद्या मोठ्या गिअरचा दाता तुटला असेल, तर त्याच्याशी जुळणारा जोडीचा गिअरही बदलावा, कारण जुन्या दात्यावर नवा दाता कधीच शांत चालत नाही. बेअरिंग सगळी एकदमच नवी घाला. जोडताना शाफ्टची मागे-पुढे हालचाल डायल गेजने (सूक्ष्म हालचाल मोजणारे घड्याळी मापक) मोजून शिम (पातळ चकत्या) बसवावे लागतात. ज्या फिटरकडे डायल गेज नाही, त्याच्या हाती हे काम देऊ नका, तो कितीही ओळखीचा असला तरी.

बॉक्स परत चढवताना त्याचे वजन इनपुट शाफ्टवर क्षणभरही लोंबकळू देऊ नये, नाहीतर नव्या प्लेटचा हब तिथेच वाकतो. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) जोडलेला असताना हे धूड बरेच जड होते, म्हणून गिअरबॉक्स जॅक असलेले गॅरेजच निवडा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे-थोडे, टॉर्क रेंचने आवळले पाहिजेत.

तेलाबाबत एक ठाम सूचना आहे. पितळी सिंक्रो असलेल्या बॉक्समध्ये मॅन्युअलने सांगितलेल्या दर्जाचेच तेल घाला. जीएल-४ दर्जाचे तेल सांगितले असताना ‘जास्त भारी’ म्हणून जीएल-५ घालण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, परंतु जीएल-५ मधील गंधक-फॉस्फरसची जादा द्रव्ये पितळेला मारक ठरू शकतात आणि सिंक्रोला लागणारे घर्षणही कमी होते. ते तेल डिफरन्शियलसाठी योग्य आहे. गाडी तयार झाल्यावर पहिले ५०० किलोमीटर साध्या रस्त्यावर, ओझे न ओढता चालवा, आणि साधारण १००० किलोमीटरनंतर बॉक्सचे तेल एकदा बदलून पुन्हा त्याच पांढऱ्या ट्रेमध्ये पाहा.

पुढे कधी गाडी रुतली किंवा दुसऱ्याची ओढायची वेळ आली, तर पहिल्यांदा फोर-व्हील लो (चारही चाकांना ताकद देणारी कमी वेगाची स्थिती) लावा. लो मध्ये चाकाला मिळणारी ताकद सुमारे अडीचपट होते, त्यामुळे हाफ क्लचवर इंजिन तापवत बसण्याची गरज उरत नाही; पेडल पूर्ण सोडूनही गाडी हळूहळू पुढे सरकते. हाय मध्ये हाफ क्लचवर ओढत राहिल्यास इंजिनची बरीचशी ताकद प्लेटवर उष्णता होऊन संपते. तुम्ही मूळ मापापेक्षा मोठे टायर घातले असतील, तर हा ताण आणखी वाढतो.

जुन्या बाजारातला बॉक्स घेण्याबद्दलही तुम्ही विचारले आहे. तुमच्या बॉक्सचे बाहेरचे कवचच फुटले असेल, किंवा काउंटर शाफ्टसह दोन-तीन गिअर गेले असतील, तरच तो पर्याय विचारात घ्या. घेतलाच, तर डीआय (थारच्या दुसऱ्या प्रकारच्या डिझेल) इंजिनच्या गाडीचा बॉक्स सीआरडीईला चालेल असे गृहीत धरू नका. इनपुट शाफ्टवरच्या खाचा, बेल हाउसिंगची (क्लचभोवतीचे कवच) छिद्रे आणि ट्रान्सफर केसची जोडणी तुमच्या जुन्या बॉक्सशेजारी ठेवून मोजा. विक्रेता कव्हर उघडून दाते दाखवायला तयार नसेल, तर तो बॉक्स घेऊ नका.