हॅरिअर ‘बेपत्ता’ की ‘मारला’?

प्रश्न : मी साताऱ्यात प्राणिशास्त्रात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ब्रिटनमध्ये पत्रकारिता शिकून वन्यजीवांवर लिहायचे आहे. तिथल्या ग्राऊस या तितरासारख्या पक्ष्याच्या शिकारीविषयी वाचताना एका लेखात शिकारी माळरानाचे राखणदार ठरतात, तर दुसऱ्यात तेच घारी-ससाण्यांसारख्या शिकारी पक्ष्यांचे मारेकरी. अशा वादात नवख्याचा टिकाव लागेल का?

उत्तर : दोन्ही लेखांमागचा पुरावा स्वतः तपासता आला, तर लागेल. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या, हेदर या ठेंगण्या झुडपाने व्यापलेल्या माळांवर 12 ऑगस्टला रेड ग्राऊसचा हंगाम उघडतो. हाकारे घालून उठवलेले पक्षी बंदूकधाऱ्यांच्या दिशेने लोटले जातात आणि ते भरपूर असावेत म्हणून रखवालदार कोल्ह्या-कावळ्यांचा बंदोबस्त करत असतात. त्याचा लाभ जमिनीवर घरटे करणाऱ्या टिटवीलाही होतो, हा इस्टेटवाल्यांचा, म्हणजे या माळांच्या मालकांचा, मुद्दा खोटा नाही. अडचण हेन हॅरिअरची आहे. आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या भोवत्यांचा हा भाऊबंद ग्राऊसची पिल्ले खातो. 1990 च्या दशकात स्कॉटलंडमधील लँगहोमच्या माळावर त्याला खरेखुरे संरक्षण मिळाले, तेव्हा त्याची संख्या वाढली आणि हाकाऱ्याची शिकार परवडेनाशी झाली. त्याला मारणे हा गुन्हा आहे. तरीही 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार ठावठिकाणा कळवणारा उपग्रह टॅग लावलेल्या 58 हॅरिअरपैकी 72 टक्के पक्षी बेकायदा मारले गेले होते किंवा तसे घडल्याची दाट शक्यता होती.

त्या आकड्यातला ‘किंवा’ बातमीत बहुधा गळतो. नीट चालणारा टॅग एकाएकी बंद पडला आणि शोधूनही ना टॅग सापडला ना पक्ष्याचा देह, तर संशय बळावतो. पण गुन्हा कोणाच्या हातून घडला, हे त्यावरून ठरत नाही. अशा वेळी ‘मारला’ असे लिहून शेजारच्या इस्टेटचे नाव जोडले, तर बदनामीचा दावा ओढवतो. नुसते ‘बेपत्ता’ लिहून थांबले, तर पक्षी वाट चुकला असावा, असे वाचकाला वाटते. टॅग कधी आणि कुठे थांबला, त्या भागात याआधी किती टॅग असेच थांबले, हे सांगणारी तिसरी बातमी लिहिणारा माणूस संपादकाला हवा असतो. स्कॉटलंडने 2024 च्या कायद्याने ग्राऊसच्या शिकारीला परवाना सक्तीचा केला असून फौजदारी शिक्षा झालेली नसतानाही तो निलंबित होऊ शकतो. त्यामुळे या शब्दांना आता पूर्वीपेक्षा अधिक वजन आले आहे.

म्हणून अभ्यासक्रम निवडताना विद्यापीठाच्या नावापेक्षा त्यात माध्यम कायदा किती शिकवतात आणि त्याला एनसीटीजे या पत्रकार-प्रशिक्षण संस्थेची मान्यता आहे का, ते पाहा. संख्याशास्त्राचा पाया इथेच पक्का करून घ्या. पक्षी संरक्षण संस्था आणि शिकारी संघटना, दोघांकडेही प्रसिद्धी विभागात नोकऱ्या असतात. त्या जरूर कराव्यात, मात्र ती पत्रकारिता नव्हे, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा. अर्जासोबत जोडायचा पहिला लेख ग्राऊसवर नको. तुमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या माळरानावर चराई आणि पक्षी यांवरून वाद असेल, तर तिथे चार वेळा जा, मेंढपाळाशी आणि वनरक्षकाशी बोला, आणि जे स्वतः पाहिले ते व जे नुसते ऐकले ते वेगवेगळ्या वाक्यांत लिहा.