आर्थिक संकटात श्रीमंतांचंही नुकसान होतं, मग विषमता वाढते कशी?

तुमची शंका रास्त आहे. बाजार कोसळतो तेव्हा नुसत्या पैशात मोजलं तर सगळ्यात जास्त गमावतात ते श्रीमंतच. म्हणून पहिल्या एक-दोन वर्षांत विषमतेचे आकडे कधीकधी चक्क सुधारलेले दिसतात. अमेरिकेत 2008 नंतर वरच्या एक टक्क्याचा उत्पन्नातला वाटा आधी घसरलाच होता. मी त्या आकड्यावर फार विसंबत नाही. किती गेलं यापेक्षा खड्डा बुजवायला काय विकावं लागलं, ते बघावं. शिलाई मशीन विकून या महिन्याचं भाडं निघतं, पण त्याबरोबर पुढची कमाईही जाते. शेअर पडले म्हणून कुणाची रोजी थांबत नाही.

इंडोनेशियाचं उदाहरण घ्या. 1997 च्या मध्याला डॉलरला सुमारे 2,400 रुपिया पडायचे, वर्षभरात 15,000 च्या वर गेले. 1998 मध्ये अर्थव्यवस्था साधारण 13 टक्क्यांनी आकसली. गंमत (कसली गंमत म्हणा!) अशी, की बेकारी त्या मानाने फारशी वाढली नाही. घरी बसणं परवडणार कुणाला? लोक मिळेल ते काम करत राहिले. पण तांदूळ कडाडला, पगार होते तिथेच, आणि मजुरीची खरी किंमत जवळजवळ 40 टक्क्यांनी घटली. म्हणजे बेकारीचा आकडा बघणाऱ्याला त्या घरांतलं काहीच दिसलं नसतं. शहरातला पगारदार भरडला गेला, स्वतःची भातशेती असलेला त्या मानाने तरला. रुपिया पडला तसा सोन्याचा भाव चढला, त्यामुळे ज्यांच्याकडे दागिने होते त्यांनी ते मोडून दिवस काढले. बाकीच्यांनी हात आखडता घेतला तो औषधपाणी आणि पोरांच्या शाळेवर. अर्थव्यवस्था सावरली तरी सुटलेली शाळा बहुतेकदा सुटलेलीच राहते.

श्रीमंतांची बाजू बघायची तर अर्जेंटिना. डिसेंबर 2001 मध्ये बँकेतून आठवड्याला 250 पेसोच काढता येतील असा नियम आला. पुढे डॉलरमधल्या ठेवी 1.40 पेसो या दराने सक्तीने पेसोत बदलल्या, आणि काही महिन्यांत बाजारात डॉलर तीन पेसोंच्या वर गेला. ऑक्टोबर 2002 मध्ये शहरांतली निम्म्याहून जास्त माणसं दारिद्र्यरेषेखाली होती. ज्यांनी आधीच डॉलर परदेशी खात्यांत हलवले होते, त्यांना मात्र त्याच डॉलरांत पूर्वीपेक्षा कितीतरी स्वस्त घरं मिळत होती.