साखर सोडली, तरी शुगर का वाढली?

साठीकडे झुकलेली माणसं लातूरला माझ्याकडे आहाराचा सल्ला घ्यायला येतात ती बहुधा हाच प्रश्न घेऊन. औसा तालुक्यातून सुनेसोबत आलेल्या ५८ वर्षांच्या काकूंनीही तोच विचारला. "चहातली साखर सोडली, भाताला हात लावत न्हाई. तरी कशी वाढली ओ ताई?" (ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

रिपोर्टमध्ये उपाशीपोटी शुगर ११४, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज) ६.२. हा मधुमेह नाही, पण ५.७ ते ६.४ ही त्याच्या अलीकडची पायरी. शरीरात इन्सुलिन तयार होतंय, पेशी मात्र त्याला पूर्वीसारखी दाद देत नाहीत.

दिवसभरात काय खाता, हे विचारलं. सकाळी चहा-टोस्ट. दुपारी दोन भाकरी, ठेचा, पातळ वरण. रात्री भाकरी नि भाजीचा रस्सा. उडदाचं घुटं? "पचत न्हाई म्हणून सोडलं." त्यात सोमवार, चतुर्थी, एकादशी आणि त्या दिवशी साबुदाणा. शुगर कळल्यापासून भीतीनं एक भाकरीही कमी केलेली. सून म्हणाली, "आत्याबाईंचे हातपाय बघा, किती वाळलेत. पोट तेवढं सुटलंय."

सुनेनं नेमकं दुखणं सांगितलं होतं. जेवणानंतर रक्तात येणारी साखर सर्वांत जास्त साठवतात ते स्नायू. चाळिशीनंतर ते हळूहळू घटतात आणि पोटात, यकृतात चरबी साचते. कणगीच लहान झाली तर धान्य ओट्यावरच पडून राहणार. काकू तिशीत खुरपायला, कापूस वेचायला जायच्या, तेव्हा तीन भाकरी सहज जिरत. आता शेत बटईनं दिलंय.

म्हणून भाकरी बंद करू नका, असं मी सांगितलं. ज्वारीवर उगाच आळ येतो. कमी पडत होती ती डाळ. दोन भाकरींतून जेमतेम १० ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि त्यांच्या ५० किलो वजनाला दिवसाला निदान ५० ग्रॅम तरी हवीत. दुपारी दीड भाकरी, पण वरण वाटीभर घट्ट. सकाळी टोस्टऐवजी मुगाचं धिरडं किंवा उसळ. जेवताना ताक, शेपू-अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. अंडं चालत असेल तर उत्तमच. काकूंना चालत नव्हतं. घुटं पुन्हा सुरू केलं, आधी अर्धी वाटी. (मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनी प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.)

जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं आणि खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा व्यायाम. नुसतं खाऊन स्नायू टिकत नाहीत.

उपवासावर मात्र अडलो. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, हे पटलं. पण एकादशी सोडा म्हणणारी मी कोण? शेवटी सोमवार सुटला. चतुर्थी-एकादशीला थोडी भगर, शेंगदाण्याची आमटी आणि दही असं ठरलं. भगरीनंही साखर वाढतेच, म्हणून ताट भरून नाही.

तीन महिन्यांनी एचबीए१सी ५.९ आलं. वजन फारसं हललं नव्हतं, पण जिना चढताना कठडा धरावा लागत नाही, असं काकू म्हणाल्या. त्यांना गोळी सुरू नव्हती. ज्यांना असते त्यांनी जेवण बदलताना डॉक्टरांना कळवावं, नाहीतर साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते.

निघताना सुनेनं नवऱ्याचं विचारलं. वय ३६, दिवसभर दुकानात बसून. बेंबीपाशी टेप लावून कंबर मोजायला सांगितलंय. पुरुषांसाठीच्या ९० सेंटीमीटरच्या मर्यादेवर गेली तर त्यालाही घेऊन ये म्हटलं.