दुसरं बाळ झाल्यापासून आमचा चार वर्षांचा मुलगा फार चिडचिड करतो. त्याच्यासोबत बघता येईल असा एखादा अॅनिमेशनपट सुचवाल का?

'मिराई' बघा. २०१८ चा जपानी सिनेमा, दिग्दर्शक मामोरू होसोदा. चार वर्षांचा कुन, नुकतीच जन्मलेली बहीण मिराई, आणि घरात कुणाचंच आपल्याकडे लक्ष नाही म्हणून कावलेला कुन. म्हणजे तुमच्याच घरातली गोष्ट. होसोदांनाही ती स्वतःच्या घरात धाकटी मुलगी आल्यावर मोठ्या मुलाचं वागणं बघून सुचली.

आधी तुम्ही दोघांनी बघा, मुलाला मग दाखवा. माझ्या मते हा सिनेमा मुलांपेक्षा आईबाबांनी बघायची जास्त गरज आहे.

कारण यातला कुन मुळीच गुणी बाळ नाही. तो खेळण्यातली ट्रेन उचलून बाळाला मारतो. आई ओरडली की भोकाड पसरतो, तिलाच चेटकीण म्हणतो. सिनेमा त्याला पाठीशीही घालत नाही आणि वाईटही ठरवत नाही, त्याला काय सहन होत नाहीये ते नीट बघत राहतो. आपल्याकडे बारशाला आलेला प्रत्येक जण मोठ्याला सांगून जातो, "आता तू दादा झालास, शहाण्यासारखं वागायचं." त्या चिमुरड्याचं काय हिरावलं गेलंय, ते कुणी विचारत नाही.

धाकटा झाला तेव्हा आम्ही भांडुपला वन रूम किचनमध्ये राहत होतो. बाळ झोपलं की टीव्ही बंद, खेळणी आपटायची नाहीत, मोठ्याने बोलायचं नाही. माझी मुलगी खिडकीच्या ग्रिलमध्ये कुंड्यांशेजारी जाऊन बसायची, हाक मारली तरी आत यायची नाही. कुनच्या घरात मधोमध छोटं अंगण आहे, त्यात एक झाड. रुसला की तो तिथे जातो, आणि सगळी जादू तिथेच होते. कधी घरातला कुत्रा माणूस होऊन भेटतो आणि कुन जन्मल्यावर आपलेही लाड कसे बंद झाले ते ऐकवतो. कधी शाळकरी वयाची झालेली मिराई भविष्यातून येते. तरुणपणचे पणजोबाही भेटतात.

मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे कुनला लहानपणची आई भेटते तो. पसारा आवर म्हणून रोज मागे लागणारी आई, आणि ही मुलगी त्याच्यासोबत अख्खं घर उलथंपालथं करते! मग तिची आई येऊन तिला रागावते, आणि ती रडते. मी ते बघून सासूबाईंना सांगितलं, नातीला तिच्या बाबांचे प्रताप ऐकवा. आत्या जन्मली तेव्हा बाबांनी पाळण्यात तांब्याभर पाणी ओतलं होतं, ही गोष्ट आमच्याकडे मग रोज रात्री झोपताना व्हायची. तिचा राग एका रात्रीत गेला नाही, पण आपल्यासारखं बाबांनाही वाटलं होतं हे कळल्यावर ती बाळाजवळ येऊन बसायला लागली. तुमच्याकडे आजी-आजोबा असतील तर हे नक्की करा.

सिनेमा ९८ मिनिटांचा आहे, चार वर्षांच्या मुलाला एका बैठकीत जड जाईल. सबटायटल्स त्याला वाचता येणार नाहीत, तेव्हा शेजारी बसून मराठीत सांगत राहा. शेवटाकडे कुन एकटाच ट्रेनमध्ये चढतो आणि टोकियो स्टेशनच्या गर्दीत हरवतो, तो भाग भीतीदायक आहे. त्या वेळी मुलाला मांडीवर घ्या. हरवल्यांच्या काउंटरवर आईबाबांचं नाव विचारतात आणि कुनला ते सांगता येत नाही. दादरच्या पुलावर संध्याकाळी पोराचा हात धरून चाललेल्या कुणालाही ते बघताना धस्स होईल. आम्ही दुसऱ्याच दिवशी मुलीकडून आमची पूर्ण नावं आणि मोबाइल नंबर पाठ करून घेतले. तुमच्या मुलालाही येत नसतील तर शिकवून टाका.