पहिला फझ क्लोन करताना

गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणाऱ्या फझ पेडलाची पहिलीच नक्कल (क्लोन) बनवायला तू फझ फेस हे पेडल निवडलंस ते बरं केलंस, भाग मोजकेच आहेत. पण गोम आहे ती जर्मेनियम ट्रान्झिस्टरमध्ये. नंबर तोच असला तरी प्रत्येकाचा गेन (सिग्नल किती वाढवतो ते) आणि लीकेज (नको असताना झिरपणारा करंट) वेगळं, आणि उष्णतेने लीकेज आणखी वाढतं. त्यामुळे सर्किटच्या आकृतीतले रेझिस्टर डोळे झाकून लावू नकोस. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर (तीन पायांपैकी एक) साधारण ४.५ व्होल्ट येईपर्यंत ट्रिमपॉट (फिरवून बदलता येणारा छोटा रेझिस्टर) फिरव, मग कानाने ठरव. ट्रान्झिस्टर पीएनपी प्रकारचे आणि सर्किट पॉझिटिव्ह ग्राउंड (सप्लायचं प्लस टोक ग्राउंडला जोडलेलं) असेल तर इतर पेडलांच्या अडॅप्टरवर अजिबात जोडू नकोस. सप्लाय शॉर्ट होतो.

विकणार असशील तर नाव आणि रूप स्वतःचंच ठेव. क्लॉन सेंटॉर या नावाजलेल्या गिटार पेडलासारखं पेडल काढलं म्हणून २०२४ मध्ये बेहरिंगर कंपनीवर खटला झाला होता. सर्किट मूळ कुणाचं, हेही गिऱ्हाइकाला आधीच सांग.